सबबीचं बाकडं

मी आयुष्यात एकदाच ठरवून आउट झालो, आणि त्यासाठी जेवढा घाम गाळला तेवढा टिकून राहण्यासाठी कधी गाळला नव्हता. हे कोणाला पटायचं नाही. पटवून घेऊही नका. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. माझ्या बायकोला विचारा, लग्नाआधी मी तिला फास्ट बॉलर आहे म्हणून सांगितलं होतं.

होतो मी कीपर. आणि पोटापाण्याला पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये' असल्या. उभा जन्म पाट्या रंगवल्या. क्लबातले म्हणतात, टाकल्या. त्यांच्या तोंडाला कोण लागणार? तर, ठरवून आउट का व्हावं लागलं हे कळायचं असेल तर आधी भिंग कळला पाहिजे.

भिंग म्हणजे आमच्या क्लबाचा फिरकी गोलंदाज. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. पुढे काचेचं कपाट, त्यात फ्रेमा डोळे वटारून बसलेल्या. मध्ये नजर तपासायची अंधारी खोली. आणि मागे काच घासायचं चाक. आमच्या भागात ज्याच्या नाकावर चष्मा, तो भिंगाचा. पंचांचा चष्मासुद्धा त्यानेच केलेला. पंच म्हणजे आमचा रिटायर झालेला पोस्टमन. त्याने पायचीतचं अपील फेटाळलं की भिंग रागवायचा नाही, नुसता जवळ जाऊन म्हणायचा, उद्या दुकानात या, काच बदलून देतो.

त्याचा बॉल हळू असायचा. किती हळू? एकदा एका फलंदाजाने बॅट फिरवली, हुकली, मागे वळून माझ्याशी दोन शब्द बोलला, परत वळला आणि पुन्हा हुकला. एकाच बॉलवर. एकदा तर एक चिमणी बॉलवर येऊन बसली आणि टप्पा पडायच्या आत उठून गेली. ती उठली म्हणून बॉल वळला, अशी समोरच्या संघाने तक्रार केली. पंच म्हणाले, चिमणीला साक्षीला आणा, मग बघू.

आता हे सोडून द्या. न सोडण्यासारखी गोष्ट म्हणजे भिंगावर कोणाचा राग नव्हता. क्रिकेटच्या मैदानावर हे चिमणीपेक्षा अवघड आहे. कोणी त्याला सिक्सर मारला तर हा बॉल कुठे पडला ते कौतुकाने बघत राहायचा. कोणाची विकेट घेतली तर परत जाणाऱ्याला थांबवायचा, खिशातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढायचा आणि त्याच्या चष्म्याची सैल झालेली दांडी आवळून द्यायचा. माणूस शून्यावर आउट होऊन बाहेर यायचा तो 'आता बरं दिसतंय' म्हणत.

आमच्या क्लबाची खोली म्हणजे पूर्वीचं पंपघर. पंप गेला, पत्रे राहिले. आत एक टेबल, चहाची किटली, भिंतीला टेकून एक लांब बाकडं. त्या बाकड्याला आम्ही सबबीचं बाकडं म्हणतो. त्याचा नियम क्लबात येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात: जो आउट झाला त्याने इथे बसायचं, हातात चहा घ्यायचा, आणि कप रिकामा होईपर्यंत आपण का आउट झालो ते सांगायचं. तोवर कोणी मध्ये बोलायचं नाही. खोडायचं तर नाहीच. हसू आलं तर खाली मान घालायची. आणि तोवर क्लबाचं दुसरं कसलंही काम निघत नाही. हा नियम कसा आला? पूर्वी एक मेहुणा एका मेहुण्यामुळे रनआउट झाला. चूक कोणाची यावरून दोघांत जी जुंपली, ती अशी की दोन्ही घरांतल्या बायका एका नळावर पाणी भरीनात. तेव्हा म्हाताऱ्या लोकांनी ठरवलं, आउट झालेल्या माणसाला खोटं बोलायचा हक्क आहे. तेव्हापासून क्लब सुखाने नांदतो आहे.

या बाकड्यावर काय काय ऐकलं आहे. ऊन डोळ्यावर आलं, पॅडची पट्टी सुटली, बायकोने हाक मारल्यासारखं वाटलं, उजवा बूट डाव्या पायात होता. भिंगाची सबब मात्र एकच. बसायचा, फुंकर मारून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "बॉल चांगला होता." यापेक्षा मोठी थाप आमच्या बाकड्यावर मीसुद्धा मारलेली नाही, कारण बॉल बहुतेक वेळा भिकार असायचा.

गेल्या थंडीत तो गेला. दुपारी दुकानात एका बाईंना नवा चष्मा लावून बघत होता. "आता कसं दिसतंय?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, स्वच्छ. "छान," म्हणाला आणि स्टुलावर बसला तो उठलाच नाही. यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

मागे बायको आणि एक लेक. लेक बापाच्या हाताखालीच तयार झालेली. दुकानात काचा घासायला शिकली आणि दुकानामागच्या बोळात बॉल वळवायला. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की दोघं बोळात. एका टोकाला रंगाचा रिकामा डबा, माझ्याकडूनच नेलेला, तो स्टंप. क्लबात माणूस कमी पडला की ती यायची, पडेल ते काम करायची. आणि बोळात बॉल टाकण्यापेक्षा बापलेकीचं भांडण जास्त. तो म्हणायचा टप्पा पुढे पडला, ती म्हणायची मागे. तो म्हणायचा मनगट उशिरा वळलं, ती म्हणायची तुम्हाला दिसलंच नाही, आधी आपला नंबर तपासा. बाजारातले लोक दुकानं आवरायची थांबून ऐकायचे.

उन्हाळा लागताना वहिनी माझ्या कारखान्यात आल्या. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. मी एका दवाखान्याच्या पाटीवर पिवळा रंग चढवत होतो. भिंगाची बायको आपणहून माझ्याकडे येणं म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. एरवी त्या मला दारात बघितलं की चहाचं आधण कमी करायच्या, मी लवकर उठावं म्हणून.

बसल्या. म्हणाल्या, रविवारी यांच्या आठवणीचा सामना ठेवलाय ना तुम्ही, त्या दिवशी पोर यांची बॅग क्लबाला देऊन टाकणार आहे. बॅट, ग्लोव्ह्ज, बॉल, सगळं. म्हटलं, चांगलंच आहे की, पोरांच्या उपयोगी पडेल. वहिनी पिवळ्या रंगाकडे बघत राहिल्या.

मग हळूहळू सांगितलं. पोर दुकान नीट चालवते. वेळेवर उघडते, वेळेवर बंद करते, गिऱ्हाईक खूश आहे. घरी येते, जेवते, भांडी घासते. काही म्हटलं तर हो म्हणते. मीठ जास्त झालं तरी बरं आहे म्हणते. वहिनींनी मुद्दाम एक दिवस तिचा आवडता कप फोडला. लेकीने तुकडे गोळा केले आणि म्हणाली, असू दे आई.

"भावजी, ती भांडतच नाही हो," वहिनी म्हणाल्या. "घरात ते दोघं भांडायचे तेव्हा मी कानाला फडकं बांधायची. आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते. ती बॅग एकदा गेली की संपलं. मग भांडायला काही उरणार नाही तिच्याजवळ."

मी विचारलं, मी काय करू? त्या म्हणाल्या, तुमच्याशी बोलून भल्याभल्यांची डोकी फिरतात, तेवढं माझ्या पोरीचं फिरवा. रविवारच्या आत तिला कोणाशी तरी भांडू दे. बॅग द्यायची की ठेवायची हे मग तिचं ती बघेल, पण आत्ता देतेय ती झोपेत दिल्यासारखी.

मला आयुष्यात पुष्कळ पुरस्कार मिळायला हवे होते, मिळाले नाहीत. पण त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी माझी लायकी ओळखून काम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, चष्म्याची दांडी स्वतःच्या हाताने वाकडी करून. तिने घेतला, दोन बोटांनी तपासला, आणि चिमट्याने सरळ करू लागली. मी स्टुलावर बसून सुरू केलं. म्हटलं, आमचा कॅप्टन म्हणतो, तुझ्या बापाची गुगली हा निव्वळ अपघात होता; बॉल कुठे वळेल हे त्यालाच माहीत नसायचं. आमचा कॅप्टन बेकरीवाला आहे, त्याने बिचाऱ्याने असं काही म्हटलं नव्हतं. पूर्वीची पोर असती तर चिमटा माझ्या डोक्यात घातला असता आणि मग बेकरीवाल्याच्या. ती म्हणाली, "असेल काका."

मी सोडलं नाही. म्हटलं, शिवाय या दुकानाच्या काचा अलीकडे तिरक्या घासतात असं लोक बोलतात. परवा एक जण इथला चष्मा लावून घरी गेला तो शेजाऱ्याच्या घरात. तिने चष्म्यावर फुंकर मारली, फडक्याने पुसला आणि म्हणाली, "बघते हं मी, चाक जरा तपासून घेते."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, माझी नजर तपास. अंधाऱ्या खोलीत बसवून तिने ती जाड फ्रेम माझ्या नाकावर चढवली. समोरचा तक्ता मला भिंगाच्या वेळेपासून पाठ. तळच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. गरुडाची नजर आहे माझी, असंही ठोकून दिलं. तिने तक्ता उलटा फिरवला, एक काच काढून दुसरी घातली, खरा नंबर टिपून घेतला. खोटं पकडलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. जाताना फक्त चष्मा हातात देऊन म्हणाली, "जपून जा काका, पायरी आहे."

शेडमध्ये परत येऊन मी त्या पिवळ्या पाटीसमोर बसलो. बापाबद्दल खोटं बोललो, तिने सोसलं. दुकानाबद्दल बोललो, सोसलं. माझ्याबद्दलचं खोटं तर ती लहानपणापासून सोसते आहे. मग राहिलं काय? ब्रश रंगात बुडवला आणि तेव्हा मला सुचलं. पण ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. तिथे ती 'असेल काका' म्हणून मोकळी झाली असती. ते सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, आणि असं की कोणी मध्ये तोडू नये. म्हणजे बाकड्यावरूनच. आणि बाकड्यावर बसायचा हक्क फक्त आउट झालेल्याला.

रविवारी सकाळी मी पांढरी पँट घालून मैदानावर हजर झालो. पँट मला कुठे बसली आणि कुठे बसली नाही हे बायकोला विचारू नका. बेकरीवाल्याला म्हटलं, आज मी खेळणार. तो म्हणाला, काका, तुम्ही स्कोअर लिहा. म्हटलं, भिंगाच्या प्रत्येक बॉलमागे मी उभा राहिलोय, त्याच्या आठवणीच्या सामन्यात मी बाहेर बसू? त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि मला अकरावा घातलं.

समोर डॉक्टरांचा संघ. डॉक्टर म्हणजे दातांचे. आमच्यात आणि त्यांच्यात जुनं वैर, पण गोड. आमच्या अर्ध्या लोकांच्या दाढा त्यांनीच काढलेल्या. आमचे गडी एकेक करून आले, बाकड्यावर बसले, सबबी सांगून उठले. लेक आली ती आमचे सात-आठ जण गेल्यावर. अंगावर दुकानातलेच कपडे, खांद्याला बापाची बॅग. वहिनी मागून. लेकीने बॅग टेबलावर ठेवली, बेकरीवाल्याला सांगितलं की तिला दुकान उघडायला जायचं आहे, तेव्हा काय ते दोन शब्द लवकर बोलून घ्या. बेकरीवाल्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. तेवढ्यात नववा गेला आणि मी आत निघालो. जाताना बेकरीवाल्याला दम दिला, मी बाहेर येईपर्यंत भाषण करशील तर तुझ्या बेकरीच्या पाटीत अशी चूक करीन की लोक केशकर्तनालय समजून येतील.

माझा बेत सरळ होता. पहिल्या बॉलला आउट, सरळ बाकड्यावर. मला काय माहीत, म्हाताऱ्या माणसाला आउट करायला कोणी तयार नसतं.

बॉलर होता डॉक्टरांचा पुतण्या, घोड्यासारखा. मला बघून तो पावलं मोजायचं सोडून चालत आला आणि बॉल लांब बाहेरून असा टाकला, जसं झोपलेल्या माणसाच्या उशाशी पाणी ठेवावं. मी सोडला. पुढचाही तसाच. तिसऱ्याला मी धावत बाहेर गेलो, हुकलो आणि क्रीजच्या बाहेर उभा राहिलो, स्टंप करा म्हणून. त्यांच्या कीपरने बॉल हातात धरला आणि म्हणाला, "काका, सावकाश आत या, घाई नाही." चौथा मी उंच उडवला, सरळ एका पोराच्या हातात. त्याने कॅच सोडला आणि टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात माझ्या जोडीदाराने दोन धावा पळून घेतल्या. मला ओढतच नेलं म्हणा. बाहेर आमचे लोक नाचायला लागले. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी. या माणसांना वाटलं, म्हातारा भिंगासाठी लढतोय.

मी लढत होतो हे खरं, पण माझ्याच विकेटच्या विरोधात. पुतण्याच्या पुढच्या ओव्हरमध्ये मी पाय लावला, पंचांनी नाही म्हटलं. मी स्वतः अपील केलं, तरी नाही. एक बॉल बॅटची कड घेऊन मागे गेला तो सीमेपार. आयुष्यात माझी बॅट कधी एवढी चालली नव्हती. आणि तिकडे मला दिसलं, लेकीने घड्याळाकडे पाहिलं. आईला काहीतरी म्हणाली. उठली. बॅगेवर हात ठेवून बेकरीवाल्याशी बोलू लागली.

मग मी शरम सोडली. पुतण्याने पुढचा बॉल टाकला, मी बॅट मागे नेली आणि बॅटीच्या मागोमाग मीही मागे गेलो. स्टंपांवर बसलो म्हणा ना. तिन्ही आडवे. पंचांनी चष्मा वर-खाली केला, माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, वाऱ्याने पडले.

म्हटलं, वाऱ्याला एवढा मोठा पार्श्वभाग असतो का? आणि बॅट काखेत मारून चालू लागलो. थांबवायला धावले, पण मी थांबतोय कशाला.

पंपघरात शिरलो तो सरळ बाकड्यावर. धाप लागली होती. कोणीतरी हातात चहा दिला. दोन्ही संघ आत आले, डॉक्टरही आले. आता जेवणाची सुट्टी, त्याआधी भाषण आणि बॅग. बेकरीवाल्याने कागद उघडला. मी कप वर करून दाखवला, काठोकाठ भरलेला. त्याने कागद मिटला. लेकीने सुस्कारा टाकला आणि टेबलाला टेकून उभी राहिली, बॅगेचा पट्टा हातात. नियम तिलाही माहीत. बापाने शिकवलेला.

"मी आउट झालो," मी म्हटलं, "कारण मला तो बॉल आठवला."

कोणता ते सांगायची गरज नव्हती. गेल्या मोसमातला शेवटचा सामना. डॉक्टर सत्तरच्या पुढे खेळत होते, त्यांना जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या आणि आमच्याकडे बॉल टाकायला कोणी उरलं नव्हतं. त्या बॉलवर डॉक्टरांचा त्रिफळा उडाला. आमच्या मैदानावर त्यांचा त्रिफळा तोवर कोणी उडवला नव्हता. खोलीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तो बॉल डोळ्यांनी पाहिलेला. डॉक्टरांनी तर फारच जवळून.

मी म्हटलं, भिंग त्या दिवशी आला तो वाघासारखा. त्याने कॅप्टनच्या हातातून बॉल हिसकावला. बेकरीवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. भिंगाने आयुष्यात कधी कोणाच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं. मी म्हटलं, भिंग मला डोळा मारून म्हणाला, आज डॉक्टरची दाढ मी काढतो. पंच खाली बघून चष्मा पुसू लागले. डॉक्टर पाहुणे, त्यांना बाकड्याचा नियम लागू नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं आणि कपात तोंड घातलं. दात ओढणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं हे कळतं. वहिनी तेवढ्या माझ्याकडे अशा बघत होत्या की आता चहाच काय, घरात पाणीही मिळणार नाही.

मी लेकीकडे बघितलंच नाही. टेबलावरचा एक गोल पाव उचलला. म्हटलं, भिंगाने बॉल असा धरला, आणि पाव चार बोटं आणि अंगठ्यात गच्च आवळला, लिंबू पिळावं तसा. असा बॉल धरला तर तो वळत नाही, फार तर रडतो. डोळ्याच्या कडेने मला दिसलं, तिची बोटं पट्ट्यावर हलली.

म्हटलं, बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. तो पडला होता लेग स्टंपच्या बाहेर. म्हटलं, टप्पा अगदी आखूड. तो होता पार पुढे, डॉक्टरांच्या बुटाच्या टोकाशी. आमच्या दोन पोरांनी एकमेकांचे हात धरून ठेवले. बेकरीवाला लाल झाला. सगळे मूग गिळून बसलेले, कारण माझ्या कपात चहा होता आणि मी एक घोटही घेतला नव्हता.

"पावाने काही नीट समजत नाही," मी म्हटलं. "पोरी, त्या बॅगेत बॉल असेल तर दे जरा."

तिने चेन उघडली. आत हात घातला, चाचपडला, बॉल बाहेर काढला. जुना, एका बाजूने काळा पडलेला. मी हात पुढे केला. तिने दिला नाही. तिला कळलंही नसेल, पण बोटं आपणहून शिवणीवर गेली. दोन वर, एक वाकडं खाली, अंगठा अलगद बाजूला. दुकानामागच्या बोळात रोज संध्याकाळी जायची तशी.

मी माझा रिकामा हात तसाच पुढे ठेवला आणि बोलत राहिलो. म्हटलं, बॉल हवेत होता तेव्हाच मला यष्टीमागे कळलं होतं की डॉक्टर गेले. असा बॉल टाकायला भिंगच हवा. आमच्यात दुसऱ्या कोणाची ती ताकद नव्हती, आजही नाही. पोरासोरांचं ते काम नव्हे. पोरी, तू तिथेच कुठेतरी फिल्डिंगला होतीस ना, तुला दिसलं नसेल, पण मी बघितलं. भिंगाने मनगट वळवलं, आणि भिंगाच्या हातून तो बॉल सुटला—

"काका, खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. माझ्या कपात चहा असताना, सगळ्या क्लबासमोर, बापाशी भांडायची त्या आवाजात. "बाबांच्या बोटाला पट्टी होती. ते मिडऑफला उभे होते. तो बॉल मी टाकला होता."